पहिल्या ओळीतला श्री

मुनीबचे वडील लातूरच्या गंजगोलाईत घड्याळं दुरुस्त करायचे. मुनीब वेबसाइट दुरुस्त करतो, पण खोड तीच. बिघाड दिसला की एकेक पुर्जा काढून पुढ्यात मांडायचा. मी आमच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. त्याची ती सावकाशी बघूनच मला ॲसिडिटी होते.

त्या दिवशी सराव परीक्षेचा निकाल साइटवर लावायचा होता आणि पान उघडलं की नुसती एरर. दाराशी पालक जमलेले. संचालक वैजनाथ सरांनी बजावलं, "पाचपर्यंत निकाल दिसला न्हाई, तर साइट पुण्याच्या कंपनीला देतो." मुनीबच्या हातात तेवढं एकच मोठं काम होतं.

डेटाबेसमधून मार्क उचलून बेरीज करणारी क्वेरी त्याच्या लॅपटॉपवर सुरळीत चालायची. साइटच्या सिस्टीममध्ये गेली की मान टाकायची. मुनीबनं तिचा एकेक तुकडा वगळून बघायला घेतला. क्रमवारी वगळली, तरी एरर. टक्केवारी वगळली, तरी एरर. बेरीज वगळली आणि पान उघडलं. पहिल्याच ओळीत नाव होतं, "॥ श्री ॥". मार्कांच्या रकान्यांतही तेच.

"हे कधी बसले परीक्षेला?" मी विचारलं.

आमचे क्लार्क शेषेराव खाकरले. "नवी वही श्री लिहूनच सुरू करायची असती. कम्प्युटर झाला म्हणून काय झालं?"

लॅपटॉपवर गेल्या परीक्षेचा तक्ता होता. हा नवा शेषेरावांनी भरलेला. क्वेरी श्रीची बेरीज करायला जायची आणि अडकायची.

"उडव ती ओळ," मी म्हणालो.

शेषेरावांचा चेहरा पडला. "पोरांच्या परीक्षेच्या तोंडावर श्री पुसायचा व्हय?"

मुनीबनं ओळ तक्त्यातून काढली आणि पानाच्या माथ्यावर, सगळ्या नावांच्या वर, मोठ्या अक्षरात श्री लिहिला. "काका, पुसला न्हाई, वर बसवला. मार्कांच्या भानगडीत त्यांना कशाला ओढता?"

पाचला सात मिनिटं कमी असताना निकाल लागला. अंबिका नावाची मुलगी पहिली आली. सर आत येऊन म्हणाले, "काय बिघडलं होतं?"

"माझीच चूक, सर. नवा तक्ता तपासला न्हाई."

मला त्याचा संताप आला. हातचं काम असं कुणी घालवतं?

शेषेराव उभे राहिले. "न्हाई सर. श्री मी टाकला होता."

सरांनी पडद्याकडे पाहून नकळत हात जोडले. "छान दिसायलाय. पुण्यावाल्यांना हे सुचलं असतं का?" एवढं म्हणून ते पालकांकडे गेले.

शेषेरावांनी लगेच चहा मागवला. मुनीबसाठी आणि स्वतःसाठी. मला विचारलंसुद्धा नाही.