टायपिस्टची चूक

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, दोनच खोल्यांचं, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बाईंनी तिथे सतरा वर्षं नोकरी केली. आपले गुडघे त्या जिन्यापायी गेले असं त्या आजही म्हणतात. डॉक्टर वयाला दोष देतात, पण डॉक्टर तो जिना कुठे चढलेत.

नोकरी लागली तेव्हा बाई सव्वीस वर्षांच्या होत्या. नवरा फिरतीवर, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि घरात बोलायला माणूस नाही. आफ्रिका आणि आशियातल्या लेखकांच्या संघटनेला टायपिस्ट हवी, अशी जाहिरात आली आणि बाईंनी अर्ज ठोकून दिला. संघटनेचं ऑफिस आधी दुसऱ्याच देशात होतं. तिथलं सरकार बदललं, नव्या सरकारला लेखकांचा हा गोतावळा नकोसा झाला, आणि आठवड्याभरात सगळी कागदपत्रं अकरा खोक्यांत भरून इकडे आली. बाईंचं पहिलं काम होतं ती खोकी उपसायचं.

बक्षिसाचा इतिहास त्यांना त्या खोक्यांतूनच कळला. दोन्ही खंडांतले बरेच देश नुकते कुठे स्वतंत्र झाले होते, तेव्हा लेखकांची एक मोठी परिषद भरली होती. त्यात कुणीतरी उभं राहून विचारलं होतं, की आपला लेखक मोठा आहे हे दरवेळी परक्यांनीच का सांगायचं? आपल्या माणसाच्या पाठीवर आपण हात का ठेवू नये? त्यातून हे बक्षीस निघालं. वर्षाला एक लेखक, एक पदक, एक मानपत्र, आणि त्याच्या पुस्तकाची चार भाषांत भाषांतरं. परिषदेचा तो अहवाल बाईंनी उभ्या उभ्याच वाचून काढला. साहित्यातलं त्यांना फार कळत होतं अशातला भाग नाही, पण तो प्रश्न मात्र त्यांना मनापासून पटला.

इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. फ्रेंचचं मात्र नाव नको. फ्रेंच पत्रं ऑफिसातला दुभाष्या हाताने लिहून द्यायचा आणि बाई त्यातलं अक्षरन् अक्षर बघून टाइप करायच्या. नमुना समोर ठेवून स्वेटर विणावा, तसं. काय विणलं हे त्यांना कळत नसे, पण टाका कधी चुकत नसे. सचिवसाहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "आमच्या बाईंच्या कागदावर खाडाखोड शोधून दाखवा."

बाईंच्या नोकरीच्या सातव्या वर्षी निवड समितीने एका कवयित्रीला निवडलं. समुद्रकाठच्या एका छोट्या देशातली शाळामास्तरीण. तुरुंगात गेलेल्या माणसांच्या बायकांवर तिच्या कविता होत्या. तिला फ्रेंचमधून अभिनंदनाचं पत्र गेलं. बाईंनीच ते टाइप केलं, त्यांनीच पाकीट डकवलं आणि जावक वहीत नोंद केली.

दोन आठवड्यांनी तिच्या देशाच्या वकिलातीतला एक माणूस आला. साहेबांच्या खोलीचं दार दीड तास बंद होतं. शिपाई दोनदा चहा घेऊन आत गेला आणि दोन्ही वेळा तोंड पाडून बाहेर आला. "भांडत नाहीयेत," तो बाईंना म्हणाला. "भांडले असते तर बरं झालं असतं."

त्या सरकारने निरोप धाडला होता: ह्या बाईला बक्षीस मिळालं तर आम्ही संघटनेतून बाहेर पडू, आणि शेजारचे दोन देशही आमच्याबरोबर येतील. चार दिवस तारांची ये-जा चालली. पाचव्या दिवशी बक्षीस दुसऱ्याच एका कादंबरीकाराला जाहीर झालं. मग दुभाष्याने बाईंच्या टेबलावर एक कागद आणून ठेवला. तो कवयित्रीला जायचा होता. एरवी हा माणूस टेबलाशी रेंगाळून दोन विनोद सांगितल्याशिवाय हलत नसे. त्या दिवशी वर न बघता निघून गेला. बाईंनी पत्र टाइप केलं. खाडाखोड नव्हती.

महिना-सव्वा महिन्याने एक पोस्टकार्ड आलं. त्यावर संघटनेच्या पत्त्याच्या वर एकच शब्द जास्तीचा होता. बाईंनी कार्ड दुभाष्यापुढे धरलं.

"हे कुणाला आलंय?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "टायपिस्टला."

"म्हणजे मला? वाचा की मग."

तो टाळाटाळ करू लागला, पण बाई हलेनात. शेवटी त्याने वाचून दाखवलं. 'ताई, तुमच्या चुकीमुळे आमच्या घरात सव्वीस दिवस आनंद होता. माझ्या आईने तर शेजारणींना बोलावून पत्र दाखवलं. चूक तुमची असली तरी तुम्हाला कुणी रागावू नये, असं मी साहेबांना वेगळं लिहिते आहे.'

"माझी कुठली चूक?" बाईंनी विचारलं.

दुभाष्याने मान खाली घातली. दुसऱ्या पत्रात काय होतं ते त्याने हळू आवाजात सांगितलं. निवड दुसऱ्याची झाली होती, परंतु टायपिस्टच्या चुकीने आपल्या नावे पत्र गेले, क्षमस्व. खापर बाईंच्या माथ्यावर फुटलं होतं आणि ते फोडणारी बोटंही त्यांचीच होती.

बाई सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, चूक माझी होती का?"

साहेब कागद चाळू लागले. "तुमचं नाव कुठे घातलंय आम्ही?"

"इथे टायपिस्ट एकच आहे."

"बसा," साहेब म्हणाले. बाई बसल्या नाहीत. "हे बघा बाई, तीन देश गेले असते तर बक्षीसच बंद पडलं असतं. पुढच्या वीस लेखकांना कुणी विचारलं असतं? मला तरी हे करताना गोड वाटलं का?"

त्यांचा चेहरा ओढलेला होता आणि ते खोटं बोलत नव्हते. बाईंना भांडायचं होतं, पण समोर भांडायला माणूसच उरला नव्हता. त्या परत येऊन मशीनवर बसल्या.

कादंबरीकार पदक घ्यायला आला तेव्हा तीन जिने चढून धापा टाकत होता. भला माणूस. पाणी प्यायल्यावर त्याने विचारलं, "मला आलेलं पत्र इतकं नेटकं कुणी टाइप केलं?" त्याच्यावर कसला राग धरायचा?

त्या वर्षी बाईंनी जुन्या बाजारातून फ्रेंचचं पुस्तक आणलं. सासूचं पथ्यपाणी उरकून रोज सकाळी अर्धा तास त्या शब्द घोकायच्या. नवरा म्हणाला, "ह्या वयात शाळा कसली काढलीस?" त्या म्हणाल्या, "न कळता काही टाइप करायचं नाही, एवढीच." दोन वर्षांनी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये त्यांनी कवयित्रीला पत्र लिहिलं: चूक झाली नव्हती, बक्षीस तुमचंच होतं. ते ऑफिसच्या पाकिटात घातलं आणि रीतसर जावक क्रमांक देऊन पाठवलं. चार महिन्यांनी पाकीट परत आलं. वर शिक्का होता, पत्त्यावर राहत नाही.

बक्षीस पुढे आठ वर्षं टिकलं. मग ज्या मोठ्या देशाच्या आधारावर संघटना उभी होती, त्याचेच तुकडे झाले. एकेक पत्र अनुत्तरित राहू लागलं. साहेब आजारी पडून गेले, दुभाष्या लेकीकडे राहायला गेला, आणि एका दुपारी बाई आणि शिपाई अशा दोघांनीच दाराला कुलूप लावलं. निरोपसमारंभ करायला तिसरं माणूस नव्हतं.

बाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. भाचीकडे राहतात. गेल्या वर्षी विद्यापीठातला एक संशोधक त्यांना शोधत आला. तो बक्षिसाचा इतिहास लिहीत होता, आणि विजेत्यांच्या कुठल्याही दोन याद्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. बाईंनी दोन दुपारी बसून त्याला सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "आजी, पुरावा काही?"

पोस्टकार्ड घर बदलताना हरवलं होतं. परत आलेल्या पाकिटाचा भिजून लगदा झाला होता. समितीचा मूळ निर्णय संशोधकाला ऑफिसच्या जुन्या खोक्यांत सापडला नाही. सापडली ती फक्त दुसऱ्या पत्राची कार्बन प्रत. स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली.

"मी टाइप केलंय ते," बाई म्हणाल्या. "मी सांगते ना."

"हो, पण कागद उलटं सांगतोय."

पुस्तक ह्या महिन्यात आलं. भाचीने पान काढून दिलं. यादीत त्या वर्षापुढे कादंबरीकाराचं नाव होतं आणि खाली बारीक टाइपात टीप: 'टंकलेखनातील चुकीमुळे एका कवयित्रीस पत्र गेल्याचे कागदपत्रांवरून दिसते. तत्कालीन टंकलेखिकेचे म्हणणे वेगळे आहे.'

भाची भडकली. "वेगळं आहे म्हणजे काय? काय आहे ते लिहायला काय झालं होतं? आणि तिचं नाव तरी घालायचं."

बाईंनी टीप पुन्हा वाचली. "मराठी बरं आहे त्याचं," त्या म्हणाल्या.

"मावशी, आपण पत्र लिहू त्याला. तू सांग, मी टाइप करते."

बाईंनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला आणि गुडघे चोळत पाय पसरले. "लिहू. नाव पहिल्याच ओळीत घालू तिचं. पण आत्ता नको, जरा पाठ टेकू दे."