तिळगूळ आणि तेलंगखेडीचा चढ

बायकांची झोप कशाने उडते? मुलांच्या खोकल्याने, दुधाच्या नासण्याने, नणंद येणार असल्याच्या बातमीने. माझी उडाली ती हळदीकुंकवाने! हसू नका. निदान आत्ताच हसू नका. जी फजिती सांगायला बसले आहे ती चांगली ऐसपैस आहे, हसायला पुढे भरपूर जागा आहे. आधी चहा घ्या, निवतोय.

मूळ दोष माझ्या गुडघ्याचा. डाव्या गुडघ्यावर माझ्या एक जुना व्रण आहे, आणि आमच्या पाच वर्षांच्या चिमीला रोज झोपताना राजाची नाही, राणीची नाही, त्या व्रणाची गोष्ट लागते. गोष्ट खरी आहे. लग्नाआधी मी सायकलच्या शर्यती करायचे. डांबरी रस्त्यावरच्या गुळगुळीत नव्हेत, चांगल्या रानावनातल्या! मौद्याकडची बैलगाडीची वाट, लाल मुरूम, बाभळीचे काटे, मधेच नाला. नाल्यात सायकल खांद्यावर घ्यायची, वर आलं की पुन्हा टांग मारायची. ऊन असं, की झळ लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवल्याशिवाय आई घराबाहेर सोडायची नाही. मागून मोटारसायकलवर आमचे सर ओरडत यायचे, "मागं नको पाहू! मागं पाह्यलं की संपलं!"

अशाच एका नाल्यात मी पडले, गुडघा फुटला, आणि तशीच उठून पहिली आले. तेव्हा सर म्हणाले होते, "पोरी, तू सायकलवरच पोट भरशील." पोट भरायची वेळ आली तेव्हा माझं लग्न ठरलं. उलट्या हँडलची ती माझी सायकल आता मौद्याला मामेभावाकडे असते. तिला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅना लावल्या आहेत. मी माहेरी गेले की तिच्याकडे बघत नाही. ती पण माझ्याकडे बघत नाही.

तर ही गोष्ट चिमी रोज ऐकायची आणि सकाळी गल्लीत जाऊन सांगायची. सांगता सांगता वाढवायची. नाल्याची नदी झाली, नदीत मगर आली. धरमपेठेत आम्ही दिवाळीनंतर राहायला आलो होतो, तोवर आमचे हे चंद्रपूरला होते. म्हणजे गल्लीला माझी ओळख झाली ती चिमीकडूनच. 'मगरीला टाकून पुढे गेलेली बाई!'

आणि मग एक दिवस आमच्या महिला मंडळाच्या चिटणीस, समोरच्या कुंदाताई, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं सांगत आल्या. मैदानात हळदीकुंकू, नंतर खेळ. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, सायकल.

"सायकल?" मी म्हटलं.

"हो ना वं. दरसालची मजा आहे आपली. पहिल्या नंबरले स्टीलचा डबा. तू येते का?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून चिमी धावत आली. "माझी आई पह्यली येते! लिहा तिचं नाव!"

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीतलं प्रत्येक पोर मला दारात थांबवून विचारायला लागलं, "काकू, तुम्ही पह्यल्या येणार ना?"

आता सांगा, झोप कशी लागणार? डबा गेला खड्ड्यात. पण सहा वर्षं मी सायकलला हात लावला नव्हता. पायांत चिमीच्या मागे पळण्यापुरता जीव. मी हरले तर? आईने काही सांगितलं, की ते खरंच असतं, असं मानण्याचं मुलांचं वय किती थोडं असतं! ते माझ्या हाताने, चारचौघांत, हळदीकुंकवाच्या दिवशी संपणार, ही माझी काळजी. आणि तिच्या खाली आणखी एक होती, जी मी ह्यांनाही सांगितली नाही. ती गोष्ट खरी होती का, हे मलाच आता नीट आठवेनासं झालं होतं.

मग काय! दुपारी गल्ली झोपली, की चिमीला आजीजवळ सोडून मी भाड्याची लेडीज सायकल काढायची आणि शंकरनगरकडच्या मोकळ्या रस्त्यावर वेड्यासारखी पिटाळायची. आधी मांड्या भरून आल्या, मग दम लागला, आणि मग एका दुपारी... कसं सांगू? पाय ओळख देऊ लागले. लग्नात हरवलेली मैत्रीण बाजारात अचानक समोर यावी, तसं झालं.

एकदा मी कुंदाताईंना गाठलं. "कुंदाताई, कुठपर्यंत जायचं असतं हो?"

"चुन्यानं आखून देतो ना वं. तुले बराबर दिसन."

मला पटलं. आमच्याही शर्यतीत वळणावळणावर चुन्याच्या खुणा असायच्या.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या, "ब्रेक चांगले पाहून घे. अन् घाई नको करू बिलकुल. पाठककाकू चार साल झाले जिंकून राहिल्या, त्यांना घाई म्हणून ठाऊकच नाही."

मी मनात म्हटलं, ब्रेक? शर्यतीला ब्रेक कशाला? घरी येऊन ब्रेक चाकाला जरासे घासत होते ते मी पान्याने चांगले सैल करून टाकले. आणि पाठककाकू! वजनदार बाई, पन्नाशीच्या पुढच्या, भाजीलाही सायकल हातात धरून चालत जाणाऱ्या. चार वर्षं जिंकतात म्हणजे बाकीच्या बायकांची काय अवस्था असेल! पहिल्यांदा जरा बरी झोप लागली.

संक्रांत उजाडली. सगळ्या बायका काळ्या साड्यांत, गजरे, हलव्याचे दागिने. आणि मी? कॉलेजातली जुनी सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट, केसांची वेणी पिना मारून वर, आणि खिशात कांदा. जानेवारीत! सवय, दुसरं काय. मैदानाच्या फाटकाजवळ चिमी उभी. एका हातात ओला पंचा, दुसऱ्या हातात लिंबू-सरबताची बाटली, हे तिला मीच शिकवलं होतं.

मैदानात चुन्याच्या समांतर पट्ट्या आखलेल्या, फाटकाच्या अलीकडे एक रेष. मला वाटलं, किती नीटनेटक्या बायका! आमच्या वेळीही मैदानात नुसता आरंभ व्हायचा, खरी शर्यत फाटकाबाहेर. आणि इथे बाहेर शर्यतीजोगा रस्ता एकच, तेलंगखेडीच्या चढाचा. शेजारच्या पट्टीत पाठककाकू काठाची साडी सावरत सायकलवर चढल्या. मला त्यांची कीव आली. या साडीत ही बाई तेलंगखेडीचा चढ चढणार?

कुंदाताईंनी शिट्टी फुंकली.

आणि मी सुटले!

अहो, अशी सुटले, की कांदा खिशातून उडून लिंबू-चमचावाल्या बायकांत पडला. मागून एकच गलका उठला. शिट्ट्यांवर शिट्ट्या, "अवं!", "अवं थांब!", "कुठं जाऊन राहिली!" मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, मला नुसता जल्लोष ऐकू येत होता. मागं नको पाहू! चुन्याची रेष ओलांडली, फाटक ओलांडलं, चिमी "भाग आई! भाग!" म्हणून किंचाळली, आणि मी रस्त्यावर.

वळण कुठलं? बघते तर कोपऱ्यावर चुना! (तो गटाराच्या कडेने टाकलेला होता, हे मला परत येताना दिसलं. वासही परत येतानाच आला.) वळले. रामनगर मागे पडलं. चढ लागला. मांड्या पेटल्या, तोंडात ती जुनी, गंजल्यासारखी चव आली, आणि कान वाऱ्याने भरून गेले. कुणाचं दूध उतू जात नव्हतं. कुणी कुठून "आई" म्हणत नव्हतं. उभी राहून पायडल मारत मी तो चढ चढले. गोष्ट खरी होती हो! सगळी खरी होती, मगर सोडली तर.

माथ्यावर पोचून मात्र मी सरांचं ऐकलं नाही. मागं पाहिलं.

कुणीच नाही. चिटपाखरू नाही.

इतकी पुढे? मला आनंदापेक्षा संकोचच वाटला. मी थांबले. सभ्यपणा म्हणून! नवीन शेजार आहे, पाठककाकू दृष्टीस तरी पडू देत. खाली फुटाळा तलावाचं पाणी चमकत होतं आणि रस्ता पलीकडे उतरून असाच पुढे जात होता. सायकलचं पुढचं चाक आपोआप त्या उताराकडे वळलेलं. ब्रेक तर मी सैल केलेलेच होते. एक पाय जमिनीवरून उचलायचा, बस. मी तशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

मग आठवलं, सरबताची बाटली चिमीने दोन्ही हातांनी धरली असेल, ती जड आहे. आणि बाकीच्या सगळ्या बायकांना एकदम अपघात तर झाला नाही ना? मी चाक वळवलं.

मैदानात शिरले तो काय दृश्य! अंतिम फेरी चालू होती. दोनच बायका उरल्या होत्या. एकीने तेवढ्यात पाय टेकला आणि बाद झाली. आणि पाठककाकू सुरुवातीच्या रेषेपासून हातभर अंतरावर, देवळातल्या मूर्तीसारख्या, सायकलवर जवळजवळ निश्चल! गर्दी श्वास रोखून बघत होती.

कुंदाताई धावत आल्या. "अवं माय! होती कुठं तू? मले तर वाटलं पोरीले टाकून माहेरी गेली!"

"शर्यत..." मी धापा टाकत म्हटलं.

"हळू सायकल आहे ना वं ती! जो सगळ्यात मागून पोचते, तो जिंकते. तुले काय वाटलं?"

मला काय वाटलं, ते सांगायला मला दम नव्हता. अख्खं मैदान हसत होतं. एका बाईने माझा कांदा आणून दिला. ह्यांनी तेवढ्यात कायद्याचा मुद्दा काढला, "कुंदाताई, तसं पाह्यलं तर सगळ्यात मागून हीच पोचली. डबा हिचाच!" त्यावर आणखी हसणं. मीही हसले. पण डोळ्यांनी चिमीला शोधत होते.

ती फाटकाजवळच उभी होती. ओला पंचा तसाच धरून. पोरं तिच्याभोवती नाचत होती, "तुझी आई हरली! तुझी आई पळाली!"

घरी जाताना मी तिला कॅरिअरवर बसवलं आणि सायकल हातात धरून चालत निघाले, पाठककाकूंसारखी. आता विश्वास गेला, मी मनात म्हटलं.

"चिमे, आईचं चुकलं गं. आईला समजलंच नाही."

तिने मांडीवरची बाटली सरळ केली आणि विचारलं, "वर काय होतं?"

"कुठे वर?"

"तू गेली होती तिथं."

"तलाव होता. वारा होता."

"तुझ्या पुढं कोणी होतं?"

"नाही."

"मागं?"

"मागंही नाही."

पाठीमागून तिचा थंडगार ओला पंचा माझ्या मानेवर आला, अगदी शिकवला होता तसा, आणि मग ती म्हणाली,

"मंग आई, तू परत काहून आली वं?"