वाळल्या काठीचा मार

लोह्याच्या एसटी स्टँडवर गाडी थांबली होती, मी तिकिटं देत होते, तेव्हा शेजारच्या शांताबाईंचा फोन आला. "ताई, दादा उठून न्हाई राहिले..." पुढचं ऐकू आलंच नाही. पहिला विचार काय आला ते लिहायलाच हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. सकाळी मी त्यांना मारलं होतं.

दादा म्हणजे माझे वडील. रेणापूरकडे तीस वर्षं लाईनमन होते. आई गेल्यावर मी त्यांना नांदेडला आणलं. आधी नावं विसरले, मग बोलणंच गेलं. ताकद मात्र गेली नाही, खांबावर चढलेले हात ते. मी एसटीत कंडक्टर. त्यांची आंघोळ, पेज उरकून, बाहेरून कडी घालून सहाच्या ड्युटीला पळायचं. दुपारचं शांताबाई बघायच्या. बापाला कोंडणारी म्हणून गल्लीत माझं नाव चांगलंच गाजलं होतं. रजा मागितली की साहेब म्हणायचे, "म्हातारं माणूस समद्यांच्याच घरी हाय, बाई."

निघताना दाराच्या आतल्या लोखंडी कडीला हात घातला की पाठीमागून दादांची काठी बसायची, नेमकी मनगटावर. कपडे वाळत घालायच्या तारेला हात लावला तरी तेच. एकदा नेम चुकून करंगळी मोडली, तर तसल्या हाताने आठ दिवस तिकिटं दिली. काठी लपवली की लाटणं घ्यायचे. मी कामाला जाते त्याचा राग काढतात, असं मला वाटायचं. त्या सकाळीही मनगटावर काठी बसली आणि माझं डोकंच फिरलं. काठी हिसकावली आणि त्यांच्या पाठीत दोन हाणल्या, जीव खाऊन. ते भिंतीला टेकून खाली बसले, माझ्या हाताकडे बघत राहिले... मला उशीर होत होता. मी कडी घातली आणि गेले.

झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. शेवटची आंघोळ घालताना मी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पाठीवर दोन वळ होते.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचे जुने हेल्पर गंगाधरकाका आले. त्यांचा उजवा हात कोपरात वाकडा. काय झालं म्हणून विचारलं, तर हसले.

"तुज्या बापानंच मोडला की. तारेला चिकटलो व्हतो. चिकटलेल्याला हात लावला तर लावणाराबी जातो. मंग वाळल्या लाकडानं हाणायचं, हात सुटंपर्यंत. लई हाणलं दादानं, म्हणून जित्ता हाय मी."

मी त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले. कडी लोखंडाची, तार लोखंडाची, आणि मार कायम मनगटावर. सगळं विसरलेला माणूस रोज सकाळी मला वाचवत होता.

तीन आठवडे झाले. मनगटावरचा काळानिळा डाग आता पिवळा पडत चाललाय. गाडीत गर्दी कमी झाली की मी तो अंगठ्याने दाबून बघते. अजून दुखतो. काल जरा कमी दुखला, तर मला भीती वाटली.