दोऱ्याच्या तीन गाठी

निजामाच्या राजवटीत मी नळदुर्गात मास्तर होतो. तेव्हा पंधरा दिवस अख्ख्या गावानं मला वेड्यात काढलं होतं. माझ्या दातात दोरा असायचा आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची रिकामी चौकट!

झालं असं, की सोलापूरच्या एका दुकानात जुना कॅमेरा विकायला होता. त्याला भिंगं तीन, पण दुकानदार वस्ताद. म्हणाला, "एकच देईन. कुठलं ते ठरवून या." युक्तीही त्यानंच सांगितली. कॅमेऱ्याच्या काचेएवढी चौकट कापायची आणि दोऱ्याला चार बोटांवर, सात बोटांवर नि वितीवर एकेका भिंगाची गाठ मारायची. गाठ दातात धरून दोरा ताणला की चौकटीत मावेल तेवढंच फोटोत येणार. चार बोटांच्या गाठीत अख्खी गल्ली मावायची, पण नुसता चेहरा हवा तर माणसाच्या अंगावर जावं लागायचं. वितीच्या गाठीत लांबूनच चेहरा भरायचा.

मला चेहरा हवा होता तो आप्पांचा, माझ्या वडलांचा. आई फोटोविना गेली. तिचं नाक कसं होतं यावरून ताई आणि मी हमरीतुमरीवर यायचो. आप्पांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

पण गंमत लई आली. किल्ल्याचा बुरूज, शेजारची म्हैस, शाळेचा फळा, सगळं तिन्ही गाठींतून बघितलं. तीच म्हैस, पण दर गाठीला वेगळी! आप्पा आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसले की मात्र मी रस्त्यापलीकडं थांबून वितीचीच गाठ धरायचो. ठरलं, वितीचं भिंग.

बायको हसली. "अहो, भिंगाला कशाला पुढं करता? लग्नाला चार वर्सं झाली, पण तुम्हाला आप्पांच्या शेजारी बसलेलं म्या कधी बघितलं न्हाय."

अस्सा राग आला! खरं बोलली म्हणून जास्तच आला. त्याच तिरीमिरीत सोलापूर गाठलं आणि कॅमेरा नि चार बोटांचं भिंग घेऊन आलो.

आप्पांपासून जेमतेम दोन हातांवर कॅमेरा मांडला. काळ्या कापडाखाली आप्पा काचेवर उलटे दिसत होते, आणि त्यांच्या भुवईत एक वण होता. तो मी आजवर पाहिलाच नव्हता.

"आप्पा, हे कधी लागलं?"

"तुझ्या पाळण्याची कडी निखळली होती. तुला झेलताना लागलं."

मी घामाघूम होऊन कापडाबाहेर आलो. "हलू नका," म्हटलं आणि कळ दाबली. नेमके तेव्हाच आप्पा हलले. माझं कपाळ पुसायला त्यांनी हात पुढं केला होता.

महायुद्धाच्या टंचाईत फोटो उमटायची काच एकच मिळाली होती. दुसरी मिळेपर्यंत आप्पा राहिले नाहीत.

फोटोत एक डोळा नि तो वण तेवढा स्पष्ट आहे, बाकी सगळा पुढं आलेला धूसर हात. ताई अजून चिडते, "चेहरा कुठंय?" वितीचं भिंग घेतलं असतं तर अख्खा चेहरा आला असता, हे मलाही कळतं. पण तेवढ्या लांबून त्यांचा हात माझ्या कपाळापर्यंत पोचला नसता.