खंजिराची जागा

१२ एप्रिल १९८८. एक हजार आठशे चाळीस रुपये पन्नास पैसे. आमच्या कर्मचारी कल्याण संस्थेच्या सभासद-यादीचं हे छपाईचं बिल मी, नवखा खजिनदार, यादी न उघडताच मंजूर केलं.

दुसऱ्याच दिवशी एक बाई यादी घेऊन टेबलापाशी आली. मयत सभासदाच्या नावाआधी † हे खंजिराचं चिन्ह छापायची आमची पद्धत. ते छापून आल्याशिवाय वारसाला पैसे मिळत नसत. तिचा नवरा, आमचा मोजणीदार, आठ वर्षांपूर्वी पुरात बोटीसकट बेपत्ता झालेला. कोर्टाने त्याला मृत ठरवलं होतं. मी प्रेसला पाठवलेल्या कागदावर त्याच्या नावाआधी खंजीर होता. छापील यादीत नव्हता.

"मुलीची फी थकलीय," ती म्हणाली. "पण प्रेसमध्ये मी कोणत्या तोंडाने जाऊ? खिळे जुळवणारे माझे सासरेच आहेत."

मग मीच गेलो. त्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत.

"खंजिराचे खिळे पेटीत चौदाच," मामा वर न बघता म्हणाले. "मयत पंधरा. एकाला तरी जगवायला नको?"

"चेष्टा पुरे, मामा. नवा मागवा."

"कॉमर्सवाले ना तुम्ही! लगेच मागवा, लगेच मिटवा. अहो साहेब, हे चिन्ह मुळात मेलेल्यांचं नव्हेच. फार पूर्वी ग्रीक पंडित हस्तलिखितं तपासायचे. एखादी ओळ अस्सल वाटली नाही, तरी खोडत नसत. पुढे नुसती आडवी रेघ ओढत. शंका आहे, एवढंच. त्या रेघेचा पुढे खंजीर झाला, तळटीपांना लागला. मेलेल्यांच्या वाट्याला अगदी शेवटी आला."

"नातीला शाळेतून काढतील, मामा."

त्यांचे हात थांबले. मग सदऱ्याच्या खिशातून त्यांनी शिशाचा एक खिळा काढला. हाताळून हाताळून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"पंधरावा," ते म्हणाले.

यादीची जुळणी अजून मोडलेली नव्हती. "आता सगळी ओळ हलवावी लागेल?" मी विचारलं.

"छे. जागा आहे की."

मुलाच्या नावाआधी जागा सोडायला बसवलेला शिशाचा कोरा तुकडा त्यांनी चिमट्याने उपसला आणि तिथे खंजीर बसवला. "सगळ्यांच्याच नावाआधी ठेवतो. पुढे त्रास नको." मग ओळींवरून बोट फिरवत ते एका ठिकाणी थांबले. "हे तुम्ही."

मी वाकून पाहिलं. माझ्या नावाच्या उलट्या अक्षरांआधी एक कोरा तुकडा खोल बसला होता.

येत्या जूनअखेर मी निवृत्त होतोय. यादी आता संगणकावर होते, पण ती कोरी जागा कुणी काढलेली नाही. नवी प्रत आली की मी आधी तीच बघतो. "नाव आहे ना तुमचं? मग झालं तर," बायको म्हणते.

मामांच्या सुनेला पैसे मिळाले. ते पान पुन्हा छापायचे अकरा रुपये प्रेसने मामांच्या पगारातून कापले. ते संस्थेने भरून देण्याचं मी कबूल केलं होतं. मामांना जाऊन वीस वर्षं झाली. अकरा रुपये अजून द्यायचे आहेत.