बाईंची इटलीची वही

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. दोन पासपोर्ट गेल्याची एक साधी तक्रार मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे, आणि ती आठवली की आजही थकल्यासारखं होतं.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. नारायणगडाच्या यात्रेचा बंदोबस्त नुकताच आटोपला होता. माणसं तीन दिवस उभी होती. पाय सुजलेले, अर्ज तुंबलेले. अशा सकाळी साठी ओलांडलेल्या एक बाई ठाण्यात आल्या. नेकनूरच्या अलीकडच्या एका गावात राहणाऱ्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान त्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं.

ठाणे अंमलदारानं गहाळ नोंदीचा कागद पुढे केला.

"गहाळ नाही, चोरी," बाई म्हणाल्या. "दोघांचे पासपोर्ट कुलूपबंद कपाटातून गेलेत. नऊ दिवसांनी आमचं विमान आहे. व्हिसा त्या पासपोर्टवरच आहे. नवा पासपोर्ट मिळेल हो, पण व्हिसा एवढ्यात पुन्हा कोण देणार?"

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"इटलीला."

ठाण्यात दोघं-तिघं हसले. मीही हसलो असेन. बाईंनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. पुरावा म्हणून मी ती ठेवून घेतली आणि दुपारी डबा खाताना चाळली.

तीस वर्षं बाईंनी फळ्यावर तो बुटाच्या आकाराचा देश काढला होता. आता तो बघायचा होता, पण टूर कंपनीच्या बसमधून नाही. सहा दिवसांत दहा गावं दाखवतात, पायाला जमीन लागत नाही, असं त्यांनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं. आठवडाभराचा बेत होता. रोमला तीन रात्री, फ्लॉरेन्सला दोन, व्हेनिसला दोन. विमान रोमला उतरणार आणि परतीचं व्हेनिसहून सुटणार, म्हणजे तोच रस्ता उलटा कापायला नको. मोटार भाड्यानं घ्यायची नाही, कारण जुन्या गावांच्या पोटात बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, आणि चालवणार कोण? सगळं रेल्वेनं. बीडला तेव्हा रेल्वे आलेली नव्हती, आणि ह्या बाईंनी परदेशातल्या गाड्यांच्या वेळा वहीत उतरवल्या होत्या. 'फलकावर आपलं गाव शोधू नये, गाडीचा नंबर आणि तिचं शेवटचं गाव बघावं.' 'फलाट शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत कळतो, घाबरू नये.' एका पानावर दोनदा अधोरेखित केलेलं: 'मेस्त्रेला उतरायचं नाही! व्हेनिस त्याच्या पुढचं स्टेशन.'

दुपारनंतर पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं. किल्ली देवघरामागच्या खिळ्याला टांगलेली असायची, आणि ते घरात तिघांनाच माहीत होतं. बाई, गुरुजी आणि अकरा वर्षं घरकामाला येणारी मावशी. मावशी धनगराच्या वस्तीवरची, पन्नाशीची. नवरा मेंढरं राखायचा. कपाटात सोन्याच्या बांगड्या होत्या, त्या जागच्या जागी. चोर सोनं सोडून पासपोर्ट कशाला नेईल? इथंच मी थांबायला हवं होतं. पण थकलेला पोलीस हाताशी आलेला संशयित धरतो. मी मावशीला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हा नियम मी शिपायांना शिकवायचो. त्या दिवशी मीच तो मोडला.

सकाळी दहापासून तिला बाकावर बसवलं. महिला शिपाई जवळ होती. मी तीनदा आत बोलावलं.

"कपाट कुणी उघडलं?"

"मला म्हाईत न्हाई, सायेब."

"किल्ली कुठं असते, ते माहीत आहे ना?"

"हाय म्हाईत."

"त्या दिवशी घरात कोण कोण होतं?"

ती खाली बघत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. गुरुजींचं नाव घेतलं की तिचं तोंड अगदीच बंद व्हायचं. माझ्या अनुभवानं मला सांगितलं, ही काहीतरी लपवतेय. ते खरंच होतं. ती लपवत होतीच. काय लपवतेय, एवढंच मला कळलं नाही. चार वाजता तिला घरी सोडलं, पण दिवसभरात रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्या निम्म्या गावानं तिला त्या बाकावर पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी एसटीचा एक कंडक्टर ठाण्यात आला. त्या मार्गावर त्याची बरीच वर्षं गेली होती. अधूनमधून मला खबर द्यायचा.

"साहेब, ती मावशी चोर न्हाई," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात गुरुजी बाजाराला गेलते. परतीच्या गाडीत बसले, आन् मलाच इचारलं, माझं गाव कोणतं? मला वाटलं, गंमत करतेत. फाट्यावर उतरवलं तर तिथंच हुबे. ही मावशी मेंढरं घेऊन चालली हुती. तिनं हात धरून नेलं त्यास्नी. मला म्हणली, बाईंना सांगू नगंस."

मी लगेच निघालो. बाई पुण्याच्या लेकीशी फोनवर बोलत मागच्या खोलीत होत्या. गुरुजी ओसरीवर बसले होते, पांढरा इस्त्रीचा सदरा, ताठ पाठ. "या साहेब, चहा घेणार?" मी नको म्हणालो. जरा वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, चहा घेणार का. मग तिसऱ्यांदा. परवा पंचनाम्यालाही त्यांनी असंच विचारलं होतं, आणि मी त्याला आदरातिथ्य समजलो होतो.

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडे जात होता.

"गुरुजी, खिशात काय आहे?"

त्यांनी वरच्या खिशावर हात ठेवला. मग हळूच एक चौघडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यांच्याच वळणदार अक्षरात त्यांचं नाव, गावाचं नाव, मारुतीच्या देवळामागचं तिसरं घर, आणि पत्नीचं नाव लिहिलेलं होतं.

"ती रोज सकाळी विचारते, कुठं उतरायचं न्हाई? मी म्हणतो, मेस्त्रे," गुरुजी म्हणाले. "सांजेला विचारलं तर मला सांगता येत न्हाई. चाळीस वर्षं पोरांची उजळणी घेतली मी. तिथं कुठल्या तरी फलाटावर माझा हात सुटला तर मी कुणाला काय सांगू? तिनं दोन वर्षं ती वही लिहिलीय. नको कसं म्हणू तिला?"

"म्हणून पासपोर्ट काढलेत."

"काढले. पण कुठं ठेवले, ते आठवत न्हाई हो."

बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत. नवऱ्याशेजारी बसल्या, माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, परत घडी घालून त्यांच्या खिशात ठेवला. मग मला म्हणाल्या, "आधी वस्तीवर जाऊ."

आम्ही दोघं गेलो. मावशी कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. बाई काय बोलल्या ते मी नीट ऐकलं नाही, लांब उभा होतो. मावशीनं कोकरू खाली सोडलं, हात धुतले आणि आमच्यासोबत आली. घरात शिरली ती थेट ज्वारीच्या पिंपाकडे. कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीतले दोन्ही पासपोर्ट बाहेर काढले.

"चष्मा बी तिथंच घावला हुता मागं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मावशी, चुकलं आमचं. पण तुम्ही ठाण्यात सांगायचं होतं."

"कुनाला सांगनार न्हाई, असा गुर्जींना शब्द दिलता." मग ती बाईंकडे वळली. "पोलिसांनी बशिवलं, त्याचं काय लई न्हाई. अकरा वरसं तुमच्या घरात हाय मी. तुमी मला एकदा बी इचारलं न्हाई."

मावशीनं पदर झटकला आणि ती गेली. त्या घरी ती पुन्हा कामाला आली नाही. बाई दोनदा बोलवायला गेल्या होत्या, ते मला कंडक्टरकडून कळलं.

तक्रार मी निकाली काढली. त्या दोघांचं जाणं रद्द होईल असं मी धरून चाललो होतो. पण दोनेक महिन्यांनी बाई एका दाखल्यासाठी ठाण्यात आल्या आणि समोर बसून सांगू लागल्या. डॉक्टरांना विचारून गेलो, म्हणाल्या. फ्लॉरेन्स गाळलं. रोमला चार रात्री आणि मग थेट व्हेनिस, एकच गाडी, मध्ये बदलाबदल नाही. दोन्हीकडे उतरायची जागा स्टेशनाला लागून.

"चार तासांचा प्रवास. हे खिडकीशी बसले होते. प्रत्येक स्टेशन आलं की विचारायचे, आलं का आपलं गाव? मी म्हणायची, अजून नाही. मग पुन्हा शेतं बघत बसायचे. साहेब, ते चार तास फार सुखाचे गेले. त्यांना आता त्यातलं काही आठवत नाही. मला आठवतं, तेवढं पुरे."

जाताना त्यांनी मावशीचा विषय काढला आणि अर्ध्यावरच सोडला. मीही पुढे विचारलं नाही.

नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला कुणी बोलावलं की मी हे प्रकरण सांगतो. गप्प बसणारा माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवत असतो असं नाही; कधी कधी तो दुसऱ्या कुणाची तरी अब्रू सांभाळत असतो. हे सांगितल्यावर पोरं वहीत लिहून घेतात. बदली होण्याआधी वस्तीवर जाऊन मावशीची रीतसर माफी मागायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. गेलो, तेव्हा जागेवर फक्त विझलेली चूल होती. इतकी वर्षं इथं टिकलेलं तिचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन दुसऱ्या रानाला निघून गेलं होतं. बाईंनी तिला विचारलं नव्हतं, असं ती म्हणाली होती. मी तर दिवसभरात तिला तीनदा विचारलं होतं. मात्र ती सांगू शकेल अशा सुरात एकदाही विचारलं नव्हतं.