ताटलीएवढी गोल भाकरी

तव्यावर बाजरीचं पीठ करपल्याचा वास आला की मला राहुरीचं होस्टेल आठवतं. बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि त्या सकाळी सरांनी खोटं उघडं पडण्याचे इंग्रजी वाक्प्रचार घोकून घेतले होते. आपल्याकडे पितळ उघडं पडतं, त्यांच्याकडे पिशवीतून मांजर बाहेर येतं, यावर आम्ही मुली फार हसलो होतो. दुपारी वडील डबा घेऊन आले, कपड्यांना उसाचं पाचट चिकटलेलं. “तुज्या आईनं केल्यात. खा.” आईच्या भाकरीची कड नेहमी चिरलेली असायची. या मात्र ताटली उपडी घालून कापल्यासारख्या गोल होत्या, खालून करपलेल्या, आणि वडिलांच्या बोटावर ताजा फोड होता. आईचं पोट दिवाळीपासून दुखत होतं. ती दवाखान्यात आहे, हे मला घास घेण्याआधीच कळलं. मांजर अगदी माझ्या ओठांवर आलं होतं, पण वडील माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. “आईला सांगा, लई भारी झाल्यात,” मी म्हणाले. परीक्षेनंतर त्यांनी आईच्या ऑपरेशनचं सांगून टाकलं, पण भाकरी थापल्याचं कबूल करायला त्यांना लाज वाटली; शेजारच्या काकूंनी केल्या म्हणाले. आता मीच ते वाक्प्रचार वर्गात शिकवते. परवा माहेरी गेले, तर दारातच तो वास. आई खुर्चीत बसून हसत होती, परातीशेजारी गोल भाकऱ्यांची चळत होती. “कुणी केल्या?” मी विचारलं. “काकूनं,” पिठाचे हात पाठीमागं लपवत वडील म्हणाले.